अंडे आपले, मग पिल्लू विकतचे कशाला?

(टोकावडे, ता. मुरबाड, जि. ठाणे येथे कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या शेतकऱ्यांपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



माळशेज घाट उतरून तुम्ही इथवर आलात. ज्या रस्त्याने आलात तो राष्ट्रीय महामार्ग ६१. कल्याणहून निघतो, मुरबाड-टोकावडे करीत घाट चढतो, आणि अहिल्यानगर, पाथर्डी, परभणी, नांदेड करीत थेट तेलंगणातल्या निर्मलला जातो. रस्ता एकच, पण घाटाच्या खाली भात आणि वर गेले की पुढे कापूस-ज्वारी. जुलैत आमच्या घरात वाळत घातलेले धोतर चार दिवस वाळत नाही आणि तुमच्याकडे त्याच दिवसांत माणूस ढगाकडे डोळे लावून बसतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरच सगळे येऊन थांबणार आहे.

कुणाच्या मनात येईल की कापसाला भाव नाही, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, आणि ही मंडळी बदकांच्या गोष्टी काय सांगतात. भावाचे बोलायला पुढचे वक्ते आहेत. आम्ही बोलणार आहोत ते बियाण्याबद्दल.

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून एच-४ नावाचे वाण निघाले. शेतकऱ्याच्या शेतात लावायला आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. पीक वाढले, त्यात वाद नाही. पण तिथून पुढे घरची सरकी पेरण्याचा व्यवहार संपत गेला. २००२ साली बीटी आल्यावर तर दर मृगाला पाकीट विकत आणल्याशिवाय कापूस पेरताच येत नाही अशी गत झाली. ज्वारीचे तसे झाले नाही. रब्बीची मालदांडी आजही कणगीतून काढून पेरता येते आणि आईसारखीच लेक निपजते. ही दोन्ही पिके तुमच्या एकाच शिवारात उभी असतात. बी आपल्या हातात असणे आणि नसणे यातला फरक आम्ही तुम्हाला शिकवायला नको.

कोंबड्यांच्या धंद्यात कापसासारखेच झाले. ब्रॉयलरचे काय किंवा संकरित अंड्याच्या कोंबडीचे काय, एक दिवसाचे पिल्लू दर खेपेला हॅचरीतून आणावे लागते. त्या कोंबड्यांची अंडी घरी उबवली तर त्याच गुणाची पिल्ले मिळत नाहीत. बदकांत अजून तशी पाळी आलेली नाही. खाकी कॅम्पबेलचे नर-मादी घरात असले की पिल्लू खाकी कॅम्पबेलच निघते. बदकाचे अंडे हे मालदांडीच्या दाण्यासारखे आहे. ते उगवायचे कसे एवढेच शिकायचे राहिले आहे.

आणि शिकायचे कशासाठी, तर पिल्लू ज्याच्या हातात, धंदा त्याच्या हातात. ईमूचे आठवा. पिल्ले आमच्याकडून महाग घ्या, वाढवा, आम्हीच परत विकत घेऊ, असे सांगून गावोगाव ईमू पोचवले गेले. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईची ईमू कंपनी बसली आणि ते पक्षी खायला घालायचे कुणी हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात उभा राहिला. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात पुन्हा तोच डाव. बदकाच्या नावाने असा कुणी तुमच्या गावात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दहा अंडी आणि एक खोका घेऊन जो सुरुवात करतो, त्याला फसवायला कुणाला जागाच राहत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. अंडे उबवायला यंत्रच लागते असे नाही. आमच्याकडे खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवायची रीत जुनी आहे, केरळातही तसेच करतात. एका कोंबडीखाली बदकाची आठ-दहा अंडी मावतात. घरापुरती चार-सहा बदके हवी असतील तर पेटीच्या नादी लागू नका, कोंबडीच बसवा. दोनच गोष्टी पाहायच्या. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात आणि बदकाच्या अंड्याला २८. तेव्हा तिला आठवडाभर जास्त बसायचे आहे, तिचे दाणापाणी जवळ असू द्या. आणि मादी बदक पाण्यातून ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते, कोंबडी कोरडीच बसते. म्हणून शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवावा. मस्कोव्ही नावाचे जड बदक असते, त्याच्या अंड्याला ३५ दिवस लागतात. आम्ही बोलतो आहोत ते त्याच्याबद्दल नाही.

मग पेटी कशाला? कारण खाकी कॅम्पबेल भरपूर अंडी घालते पण सहसा उबवायला बसत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी घरच्या आवारात निरनिराळी बदके जुळवून ही जात तयार केली. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. जास्त अंडी देणारे बदक हवे, एवढाच त्यांचा हट्ट होता. चांगल्या सांभाळावर हे बदक वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. पण खुडूक बसण्याचा गुण त्यात जवळजवळ उरलाच नाही. कोंबडी आपल्याला हवी तेव्हा खुडूक होत नाही. तेव्हा पंचवीस-तीस अंडी एकदम उबवायची तर पेटी हवी.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. बदक म्हटले की तळे हवे, असे धरून कोरडवाहू माणूस हा विषयच सोडून देतो. बदकाला पोहायला तळे लागत नाही. चोच आणि डोळे बुडतील एवढे खोल भांडे पुरते, कारण डोळे आणि नाकपुड्या त्याला धुता आल्या पाहिजेत. खाकी कॅम्पबेलसारखी हलकी जात जमिनीवरही जुगते. पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवला की अंडी फलित मिळतात. मात्र पाणी कोंबडीपेक्षा जास्त लागते आणि ते सांडतेही फार. जिथे मार्चपासून टँकर येतो त्या गावात बदकांची संख्या टँकरच्या हिशेबाने ठरवा, आमच्या भाषणाच्या हिशेबाने नको.

पेटी अशी करतात. थर्माकोलचा जाड खोका घ्यावा, मासळीबाजारात मिळतो तसला. आत बल्ब, संगणकातला असतो तो १२ व्होल्टचा लहान पंखा, आणि ऊब ठरल्या अंशावर आली की बल्ब बंद करणारा थर्मोस्टॅट. बल्ब तारेचा हवा. आता घरोघरी एलईडी आले; ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. एकाऐवजी दोन लहान बल्ब लावावेत, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा तग धरतो. अंड्यांखाली जाळी, जाळीखाली पाण्याची ताटली, खोक्याला बोटभर जाडीची चार-सहा भोके, कारण कवचाच्या आतला जीव श्वास घेतो. झाकणाला काचेची खिडकी ठेवावी. ज्या टेबलावर पेटी असेल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर मुंग्या आधी पोचतात. तुमच्याकडे कवडी कापूस असतो, तो मोठ्या आणि लहान खोक्याच्या मधल्या फटीत ठासला तर ऊब चांगली राहते. पण बल्बापासून आणि वायरीपासून लांब. कापूस पेटायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

पंख्याच्या पेटीत ऊब ३७.५ अंश सेल्सिअस ठेवायची. पंखा नसेल तर वरची हवा तापते आणि खालची गार राहते. तेव्हा थर्मामीटर अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर धरून ३८.३ अंशांच्या आसपास ठेवतात. स्वस्तातला थर्मामीटर अंशभर खोटे सांगतो आणि त्या एका अंशात सगळी खेप जाते. म्हणून तो आणि घरातला तापाचा थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून पडताळून घ्यावा. अंडी घालण्याआधी रिकामी पेटी एक पूर्ण दिवस-रात्र चालवून पाहावी.

ऊब कमी झाली तर अंडे सोसते, जास्त झाली तर सोसत नाही. मादी बदक रोज दाण्यापाण्याला घरट्यावरून उठतेच की! तासभर वीज गेली म्हणून कपाळाला हात लावू नये. भोके झाकणार नाहीत अशी गोधडी पेटीवर टाकावी, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि झाकण उघडून बघण्याचा मोह टाळावा. दुसरा पंधरवडा लागला की अंड्यातली पिल्ले स्वतःच ऊब देऊ लागतात. बांगलादेशात भाताच्या तुसात बदकाची अंडी उबवण्याची जी पद्धत आहे, ती याच गोष्टीवर चालते. तापवलेल्या तुसात नवी अंडी, शेजारी जुनी अंडी, आणि जुन्यांची ऊब नव्यांना. तिथे विजेचे बिल नाही, पण दिवसरात्र अंडे गालाला लावून ऊब ओळखणारा माणूस लागतो. आमच्याकडे तूस ढिगाने आहे, तसा माणूस अजून तयार व्हायचा आहे.

उलट ऊब ४० अंशांच्या वर चढली आणि तिथे राहिली तर खेप गेलीच म्हणून समजा. इथे तुमचा मे महिना आडवा येतो. पेटीला तापवता येते, गार करता येत नाही. खोलीच जर ४२ अंशांवर असेल तर थर्मोस्टॅट बिचारा बल्ब बंद करून बसेल, त्याला दुसरे काही करता येत नाही. म्हणून घाटावर दिवाळीनंतर पहिली खेप लावावी आणि होळीच्या आत शेवटची पिल्ले काढून पेटी माळ्यावर टाकावी.

आता ओलाव्याचे. आमच्या मते बदकाच्या अंड्याचे निम्मे शहाणपण इथे आहे.

अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात. २८ दिवस त्यातून पाण्याची वाफ बाहेर जात राहते आणि अंड्याच्या रुंद टोकाला हवेचा कप्पा मोठा होत जातो. पिल्लू पहिला श्वास त्या कप्प्यातली हवा घेते. वाफ कमी गेली तर कप्पा लहान राहतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लू अंड्यातच बुडून मरते. वाफ जास्त गेली तर आतला पडदा चामड्यासारखा सुकतो, पिल्लाला चिकटतो, त्याला वळताच येत नाही. दोन्हीकडे मरण एकच दिसते. २८ दिवस होऊनही अंडे फुटत नाही, आणि माणूस म्हणतो अंडी वाईट होती.

आमच्याकडे जुलैत पहिला धोका असतो आणि तुमच्याकडे जानेवारीत दुसरा. त्याचे कारण साधे आहे. हवा तापवली की ती कोरडी होते. आमची पावसाळी हवा मुळात इतकी ओली की पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली तरी तिच्यात ५० टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो. तेव्हा आम्ही पाण्याची ताटली जवळजवळ रिकामी ठेवतो. तुमच्या जानेवारीच्या दुपारची कोरडी हवा पेटीत शिरून तापली, तर हिशेबाने ओलावा १५-२० टक्क्यांवर येतो. अंड्याला हवा असतो पहिले २५ दिवस ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७५ टक्के. म्हणून आम्ही काय करतो ते बघून जसेच्या तसे घरी कराल तर तुमची अंडी सुकतील. आणि तुमच्याकडचे बघून आम्ही जुलैत पाणी भरले तर आमची पिल्ले बुडतील. छापील पत्रकात 'ताटलीत पाणी ठेवा' एवढेच असते. कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात, ते पत्रक सांगत नाही.

ओलावा वाढतो तो पाण्याच्या पसरटपणाने, खोलीने नाही. खोल वाटीपेक्षा उथळ परात बरी. तेवढ्याने भागले नाही तर जुन्या सुती कापडाची घडी परातीत अर्धी बुडवून अर्धी हवेत ठेवावी. सुती कापड पाणी वर ओढते आणि हवेला देते. ओलावा मोजायचे लहान यंत्र बाजारात मिळते, पण त्याच्यावर सगळा भरवसा नको. जुनी रीत पक्की आहे. दुसरा थर्मामीटर घ्या, त्याच्या टोकाला ओल्या सुती कापडाची वात बांधा, वातीचे दुसरे टोक पाण्यात ठेवा. पंख्याच्या वाऱ्यात कोरडा थर्मामीटर ३७.५ दाखवत असताना ओला २९ ते ३० दाखवत असेल तर ओलावा ठीक आहे. शेवटच्या तीन दिवसांत ओला ३३-३४ वर गेला पाहिजे.

याहून सोपी परीक्षा तराजूची. सोनाराकडे असतो तसला डिजिटल काटा आता किराणा दुकानातही असतो. बदकाचे अंडे साधारण ७० ग्रॅमचे, म्हणजे ३० अंड्यांचे वजन दोन किलो शंभर ग्रॅम. ती ३० अंडी मिळून रोज साधारण १० ग्रॅमने हलकी व्हायला हवीत. पाच दिवसांनी ५० ग्रॅम उतरले तर उत्तम. ८० उतरले तर पाणी वाढवा. २० उतरले तर परात काढून घ्या. हा हिशेब टोकावड्यालाही लागू आणि परभणीलाही लागू. तराजूला हवामान समजावून सांगावे लागत नाही.

अंडी निवडताना फार विचार लागत नाही, पण वेळ पाळावी लागते. बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत घालतात आणि जागा मिळेल तिथे, चिखलातसुद्धा. म्हणून रात्री कोंडायच्या जागी कोरडा पेंढा किंवा कडब्याची कुट्टी अंथरावी आणि अंडी लगेच उचलावीत. चिखलाने माखलेले अंडे गार पाण्याने धुतले तर घाण छिद्रांतून आत ओढली जाते. ते अंडे खायला ठेवा, पेटीत नको. सडलेले अंडे पेटीत फुटते तेव्हा घरात जो वास सुटतो त्याचे वर्णन जेवणाआधी करत नाही. साठवण आठवड्याच्या आतली हवी, घाटावर चार-पाच दिवसांचीच बरी. २४-२५ अंशांच्या वर राहिलेल्या अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि तसाच मरतो. ओल्या वाळूत रिकामा माठ ठेवून त्यात अंडी ठेवावीत. फ्रीजमध्ये ठेवू नयेत, तिथली थंडी फार होते.

पेटीत अंडी आडवी ठेवून एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा, पेन्सिलीने. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. आकडा विषम ठेवला म्हणजे दर रात्री एकच बाजू वर राहत नाही. न फिरवलेल्या अंड्यात जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. पहिल्या आठवड्यात तर फिरवणे चुकवूच नये. आता हे फिरवणार कोण? घरात पेटी आणली म्हणून पुरुष गावभर सांगतो आणि पहाटे चारला उठून अंडी फिरवते ती घरची बाई. आमच्यात असे ठरले आहे की जो फिरवतो त्याचीच पिल्ले. हिशेबाला हे सोपे पडते.

आठवड्यानंतर रोज एकदा झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटे अंडी गार होऊ द्यावीत आणि कोमट पाण्याची बारीक फवारणी करावी. जी फवारणीची बाटली घ्याल ती नवी घ्या, कापसाच्या औषधाची कितीही धुतलेली असली तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. अंड्यातल्या जिवाची काय कथा. औषधाचे डबे ठेवता त्या खोलीत पेटीही ठेवू नये.

सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. काहीच नसेल तर अंडे फलित नव्हते. रक्ताचे नुसते कडे दिसले तर जीव येऊन गेला. ही दोन्ही बाहेर काढावीत.

२५ व्या दिवसानंतर अंडी फिरवणे बंद, फवारणी बंद, झाकण बंद. ओलावा वाढवायचा आणि हात बांधून बसायचे. पिल्लू कवचाला पहिले भोक पाडते आणि मग थांबते. एक दिवस, कधी त्याहून जास्त. ते थकलेले नसते. पोटातला बलक ओढून घेत असते आणि पडद्यातल्या शिरांतले रक्त अंगात घेत असते. इथे माणसाचा धीर सुटतो आणि तो कवच सोलायला घेतो. शिरा तुटून रक्त येते आणि पिल्लू मरते. एका पिल्लासाठी झाकण उघडले की बाकीच्यांचा पडदा सुकतो ते वेगळेच. फलित अंड्यांपैकी दहात सात निघाली तर पहिल्या खेपेला समाधान मानावे.

निघालेले पिल्लू सुकेपर्यंत आतच राहू द्यावे. पोटात बलक असतो, पहिला दिवस त्याला खायला लागत नाही. पहिला आठवडा ३०-३२ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पेटीतल्या पिल्लाला पाण्यात सोडू नये. आईच्या पिसांचे तेल त्याच्या अंगाला लागलेले नसते, ते भिजून गारठते. खाणे ओलसर द्यावे आणि पाणी शेजारीच असावे, कोरडे पीठ घशात अडकते.

खाण्यात काय घालता याची आम्हाला तुमच्याबद्दल खरी काळजी वाटते, कारण तुमच्या घरात दोन वस्तू हमखास असतात. पहिली सरकीची पेंड. म्हशीला चालते म्हणून बदकाला घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, त्याने अंड्यातला बलक हिरवट-काळपट पडतो; आणि सरकीच्या तेलातल्या दुसऱ्या एका द्रव्याने पांढरे गुलाबी होते आणि अंड्यातला जीव मरतो. अंडी उबवायची आहेत त्या बदकांपासून सरकी लांबच ठेवा. दुसरी वस्तू पावसात सापडलेली काळी ज्वारी. बाजारात तिला कुणी विचारत नाही, तेव्हा पाखरांना घालू असे वाटणे साहजिक आहे. पण बुरशीच्या विषाला बदकाइतके नाजूक पाखरू नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या भुईमूग पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले आणि बदकाची पिल्लेही मेली. त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. पुढे ते विष ओळखण्यासाठी बदकाचे एक दिवसाचे पिल्लूच वापरत असत. बुरशीचा मका आणि जुनी भुईमूग पेंड यांत हे विष जास्त. पांढरी, कोरडी, स्वच्छ ज्वारी मात्र बदकाला चांगली. फक्त तिच्यात अ जीवनसत्त्व नसल्यातच जमा, म्हणून घासाची किंवा शेवग्याची हिरवी पाने द्यावीत. आणि बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचे ब जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते, नाही मिळाले तर पाय वाकडे होतात. खाण्यात यीस्ट मिसळले की ते मिळते. भाताच्या कोंड्यातही असते, आणि कोंडा आमच्याकडे गिरणीत पडून असतो. तुमची ज्वारी आणि आमचा कोंडा, एकाच रस्त्यावर आहेत. बघा जमते का.

रोगाबद्दल लपवण्यासारखे काही नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या शेजारी, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला, आणि परिसरातले सुमारे २५,००० पक्षी मारण्याचा आदेश निघाला. पक्ष्याला काही झालेले नसतानाही मारले जाते तेव्हा माणूस गोंधळतो. बदकाची अडचण अशी की त्याच्या अंगात हा रोग असला तरी ते पुष्कळदा धडधाकट दिसते आणि शेजारच्या कोंबड्या मरतात. म्हणून बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत, आणि हिवाळ्यात जिथे परदेशी पाखरे उतरतात त्या तळ्यावर बदके नेऊ नयेत. सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा चार पक्षी एकदम मेले तर पुरून टाकून गप्प बसण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवण्यातच आपला फायदा आहे. डक प्लेगची लसही तिथेच विचारावी.

शेवटी विक्री. आम्हाला मुंबई-कल्याण जवळ आहे. केरळी, बंगाली, गोव्याकडची माणसे बदकाचे अंडे विचारून घेतात. तुमच्या आठवडी बाजारात ते कोण घेईल हे आम्ही इथे बसून सांगणार नाही. आधी दहा बदकांची अंडी बाजारात नेऊन बघा आणि मगच पेटी मोठी करा. खाकी कॅम्पबेलची शुद्ध नर-मादी एकदाच आणायची आहे. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेचे केंद्र बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे आहे, तिथे बदकांचे काम चालते. चार-पाच गावांनी मिळून चौकशी करावी. एकदा जात घरात आली की शेजाऱ्याशी नर बदलून घेत राहावे, म्हणजे रक्त एकच होत नाही.

आता शेजारच्या खोलीत पेटी आहे, ती बघायला चला. आज तिचा २६ वा दिवस आहे. काचेतून बघायचे, झाकणाला हात लावायचा नाही. कान जवळ नेलात तर आतून टकटक ऐकू येईल. दाराशी तराजू आणि वजनाची वही ठेवली आहे, ज्यांना आकडे उतरून घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत.